कोणालाही सुचलं असतं

२०४३ सालच्या फेब्रुवारीत नकाराचं पत्र आलं, तेव्हा त्रिशला मगदूम जमिनीखाली सहा मीटरवर उभी होती.

जयसिंगपूरच्या औद्योगिक वसाहतीत तिचं वर्कशॉप आहे. शेडच्या मधोमध बारा मीटर खोल चौकोनी खड्डा, उतरायला लोखंडी शिडी, आणि ठरावीक अंतरावर उभं राहून काम करायला पाच प्लॅटफॉर्म. या खड्ड्यात उभे पंप जोडले जातात. नदीचं पाणी गावात शिरलं की ते उपसून परत नदीत फेकणारे, अकरा मीटर उंचीचे पंप. शिरोळ तालुक्यात असे पंप आता बसथांब्यांइतके सवयीचे झाले आहेत.

फोन वाजला तशी ती वर आली, हात पुसले आणि पत्र उघडलं. पत्र सहा पानांचं होतं. पहिल्याच पानावर होतं ते तिने दोनदा वाचलं: ‘सदर जुळणी-पद्धत त्या क्षेत्रातील सर्वसाधारण कुशल व्यक्तीस सहज सुचण्याजोगी असल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’

तिने पुण्याला तेजल कोठावळेला फोन लावला. तेजल तिची पेटंटची कामं बघायची.

“सहज म्हणजे किती सहज?” त्रिशलाने विचारलं.

“शंभरातल्या एकतीस वेळा.”

“कुणाला सुचलं एकतीस वेळा?”

“कुशलला,” तेजल म्हणाली.

कायदा जुनाच आहे. एखाद्या कामातल्या सर्वसाधारण कुशल माणसाला जे आपसूक सुचलं असतं, त्यावर पेटंट मिळत नाही. पण असा माणूस खरोखरीचा कुणी नव्हता. अर्ज तपासणारा अधिकारी मनातल्या मनात त्याची कल्पना करायचा आणि निकाल द्यायचा. दर अधिकाऱ्याच्या मनातला माणूस वेगळा, म्हणून निकालही वेगळे, आणि मग अपिलांचा ढीग. चार वर्षांपूर्वी यावर उपाय म्हणून कुशल हा संगणकावरचा तपासनीस आला. देशभरातल्या चाळीस हजार फिटर, वेल्डर, टर्नर यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं काम त्याला शिकवलेलं होतं. हे कॅमेरे अपघातांच्या तपासासाठी सक्तीचे झाले होते, आणि त्यांतली चित्रं नावगाव पुसून एका सामायिक साठ्यात जमा होत. कुशलला फक्त अडचण सांगायची, अर्जदाराचं उत्तर सांगायचं नाही, अर्जाच्या तारखेनंतरचं काही दाखवायचं नाही. तो शंभर वेळा प्रयत्न करी. त्यांतले दहाहून जास्त प्रयत्न अर्जदाराच्या उत्तरापाशी पोचले, की ते उत्तर सहज सुचण्याजोगं.

“म्हणजे ज्याला त्याला सुचलं असतं, असं म्हणायचंय त्यांना,” त्रिशला म्हणाली.

“हो. कोणालाही सुचलं असतं.”

“अपील करायचं.”

“ताई, कुशलच्या विरोधात अजून एकही अपील टिकलेलं नाही.”

“मग हे पहिलं,” त्रिशला म्हणाली आणि पुन्हा खाली उतरली. बेअरिंग अर्धं पुसून राहिलं होतं.

तिची पद्धत अशी होती. उभ्या पंपात एक लांब पोलादी दांडा असतो आणि त्याला पाच ठिकाणी बेअरिंगचा आधार. दांडा कितीही नीट घडवला तरी त्यात कुठेतरी धातू कणभर जास्त भरतोच. त्यामुळे तो फिरायला लागला की जड बाजूला ओढला जातो आणि थरथरतो. वेग वाढेल तशी थरथर वाढते, आणि एका विशिष्ट वेगाला ती इतकी होते की पंप पाया सोडेल असं वाटतं. पण तो वेग ओलांडून पुढे गेलं की एकदम शांतता पसरते. दांडा आता आपल्या मापाच्या मध्याभोवती फिरायचं सोडून आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागलेला असतो. कपडे पिळताना वॉशिंग मशीन आधी घर हादरवतं आणि मग वेग चढला की गुपचूप फिरतं, तसंच हे.

सगळे फिटर कणभर फरकही दाखवणारं डायल लावून, कागदापेक्षा पातळ पत्र्या सरकवून दांडा मापाच्या मध्यावर आणत. त्याला नऊ दिवस लागत, आणि पंप वर्षभरात पुन्हा थरथरायला लागे. त्रिशलाने बेअरिंग आवळलीच नाहीत. बेअरिंगभोवती बोटभर जागा ठेवली आणि तिच्यात चहाच्या वाफेने वितळेल असा मिश्रधातू ओतला. भोवती गरम पाणी खेळवून तो पातळ ठेवला, आणि बेअरिंग त्यात तरंगत असतानाच दांडा फिरवून तो हादऱ्याचा वेग पार केला. दांड्याने आपली जागा आपण घेतली, बेअरिंगही त्याच्यामागोमाग सरकली. मग गार पाणी सोडलं. धातू गोठला आणि दांडा जिथे सुखाने फिरत होता तिथेच बेअरिंग कायमची पक्की झाली. दीड दिवसाचं काम. थरथर पाचव्या हिश्शावर.

ही पद्धत अंबुवाह सिस्टिम्स नावाची मोठी कंपनी अर्ज दाखल झाल्यावर आठच महिन्यांत वापरायला लागली होती, आणि अर्जाला विरोधही तिनेच केला होता.

पद्धत जमली त्याच्या आधी एक दिवस फार वाईट गेला होता, आणि त्याबद्दल त्रिशला एका तेजलखेरीज कुणाजवळ कधी बोलली नव्हती.

दस्तगीर शिकलगार हे तिचे उस्ताद. आयटीआय करून एकोणिसाव्या वर्षी ती त्यांच्या हाताखाली आली, तेव्हा फिटिंगला बाई नको म्हणून तीन ठिकाणांहून परत पाठवलेली होती. दस्तगीरचाचांनी तिच्या हातात पाना दिला आणि पहिला धडा सांगितला: सैल बेअरिंगवर यंत्र चालवायचं नाही. पुढे तिने स्वतःचं वर्कशॉप काढलं, तेव्हा वय झालेले चाचा तिच्याकडे येऊन काम करू लागले. बारा वर्षं दोघं त्या खड्ड्यात वरखाली करत होते.

ती पहिल्यांदा बेअरिंग सैल ठेवून दांडा फिरवायला निघाली, तेव्हा चाचा तिच्यावर ओरडले, वेडी झालीस का म्हणाले. तिने ऐकलं नाही. ती वेग हळूहळू, जपून वाढवत गेली, आणि नेमकी तीच चूक झाली. दांडा हादऱ्याच्या वेगावर रेंगाळला आणि साटकन बाहेर झुकला. तिला थांबवायला चाचा शिडीने खाली उतरत होते. दांड्याच्या धक्क्याने तुटलेला प्लॅटफॉर्मचा कठडा त्यांच्या डाव्या खांद्यावर बसला.

हॉस्पिटलात दोघांनीही सांगितलं, की ते शिडीवरून घसरले.

खांदा जुळला, पण हात खांद्याच्या वर जाईना. दोन महिन्यांनी त्रिशलाने पुन्हा प्रयोग केला. या वेळी तो वेग झटक्यात ओलांडला, आणि दांडा शांत झाला. ते बघायला चाचा नव्हते. ते अंबुवाहच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागले होते.

आता ते अंबुवाहचे साक्षीदार होते.

तेजलने कुशलची एकतीसही उत्तरं मागवून घेतली. त्रिशलाने कामं बाजूला ठेवून ती आठ दिवस वाचली. दर उत्तरात पंचवीसेक पायऱ्या होत्या. भाषा वेगळी, मापं थोडी वेगळी, पण पद्धत तीच. वाचून तिला आधी राग आला, मग भीती वाटायला लागली. हे यंत्र खरंच विचार करत होतं, आणि तिच्यासारखाच करत होतं.

आठव्या दिवशी सकाळी ती उत्तर क्रमांक बावीस वाचता वाचता थांबली. ‘गार पाणी प्रथम तिसऱ्या बेअरिंगला सोडावे.’

तिने मागची उत्तरं चाळली. एकतीसपैकी सत्तावीस उत्तरांत पाणी तिसऱ्या बेअरिंगपासून सुरू होत होतं.

ती उठून खड्ड्यापाशी गेली आणि खाली बघत उभी राहिली. मग तिने तेजलला फोन केला.

“माझ्या अर्जात गार करायचा क्रम काय लिहिलाय?”

तेजलने बघितलं. “कोणत्याही क्रमाने, असं लिहिलंय.”

“कारण क्रमाने काही फरकच पडत नाही. कुठूनही सुरू करा. कुणी वरून करेल, कुणी खालून. तिसऱ्यापासून कुणी करणार नाही, मधूनच कशाला करेल?”

“मग कुशल का करतोय?”

“माझ्या खड्ड्यात पाण्याचा नळ तिसऱ्या प्लॅटफॉर्मवर आहे म्हणून! आधीच्या मालकाने तिथे काढून ठेवलाय. पाइप जवळ पडतो म्हणून मी पहिलं पाणी तिसऱ्याला सोडते. तेजल, त्याला काही सुचलेलं नाही. त्याने मला बघितलंय.”

तेजलने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज फोनवर आला.

“तुमच्या हेल्मेटवर कॅमेरा होता? अर्जाच्या आधी, प्रयोगांच्या वेळी?”

“सगळ्यांच्याच असतो.”

“ती चित्रं साठ्यात गेली. साठा अर्जाच्या तारखेआधीचा, म्हणून कुशलला दाखवायला कुणाची हरकत नव्हती.” तेजल भरभर बोलायला लागली होती, आणि मग एकदम हळू झाली. “पण ताई, हे सिद्ध करायचं तर तीच चित्रं अपील मंडळापुढे मागवावी लागतील. सगळी. पहिल्या प्रयोगाचीसुद्धा.”

त्रिशलाने खड्ड्यातल्या शिडीकडे बघितलं.

“त्यात चाचांचा अपघात आहे,” तेजल म्हणाली. “सैल बेअरिंगवर यंत्र चालवणं हा सुरक्षेचा गुन्हा आहे. शिवाय तुम्ही दोघं खोटं बोललात. वर्कशॉपला सील लागेल. चाचांची नोकरी जाईल. आणि अंबुवाहकडून कालच निरोप आलाय. अपील मागे घेतलंत तर त्यांच्या जुळणी विभागाचं प्रमुखपद तुम्हाला देतील.”

“माझी पद्धत त्यांच्या माणसांना मीच शिकवायची?”

“असंच काहीसं.”

“चित्रं मागव,” त्रिशला म्हणाली. “चाचांशी मी बोलते.”

दस्तगीरचाचा शिरोळला राहत. ती पोचली तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. एका हाताने पान उलटायची त्यांना आता सवय झाली होती. चाची आतून डोकावल्या आणि काही न विचारता चहा ठेवायला गेल्या.

“चुकीच्या घरी आलीस,” चाचा म्हणाले. “मी तिकडचा साक्षीदार हाय.”

“म्हणूनच आले. काय सांगणार आहात?”

“खरं सांगणार. सोपी गोष्ट हाय ती. गरम कर, फिरव, गार कर. कुणालाबी सुचली असती.”

त्रिशलाच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं. चहा आला. तिने कप हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं: नळ, कुशल, चित्रं, सगळं.

“आता ती चित्रं मंडळापुढे दाखवतील. तुम्ही पडलात तेही दिसेल. शिडीचं खोटं उघडं होईल. तुमची नोकरी राहणार नाही.”

चाचांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. “विचारायला आलीस व्हय?”

“नाही. सांगायला आले.”

“विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो.”

“ठाऊक आहे. म्हणूनच विचारलं नाही.”

चाची दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्याकडे बघायचं त्रिशलाने टाळलं. या घरात ती कितीदा जेवली होती त्याला मोजदाद नव्हती, आणि आज ती यांच्या घरातली एक मिळकत हिरावून घ्यायला आली होती.

“नाव तू एकटीचं घातलंस,” चाचा म्हणाले. “अर्जावर.”

“तुम्ही तर प्रयोगच नको म्हणत होता.”

“म्हणत होतो. नको म्हणणाऱ्याचं नाव घालत नाहीत, ते खरं हाय.” ते उठले. “जा आता. पुण्यात भेटू.”

अपील मंडळ नवीन होतं आणि कामकाज मराठीत चालत होतं. तिघांच्या पीठाच्या मध्यभागी अध्यक्षा वासंती तोरणे बसल्या होत्या. समोरच्या टेबलावर एक पडदा आणि एक छोटा स्पीकर होता. कुशलचा आवाज मध्यम वयाच्या पुरुषाचा होता, कुठल्याच गावचा नसलेला.

तेजलने त्याला विचारलं, “पाणी तिसऱ्या बेअरिंगपासूनच का?”

“तशी प्रथा आहे,” कुशल म्हणाला.

“कुठली प्रथा?”

“मला उपलब्ध असलेल्या कामांतली.”

“सैल बेअरिंगवर पंपाचा दांडा फिरवल्याची किती कामं तुला उपलब्ध आहेत?”

“सात.”

“चाळीस हजार कारागिरांपैकी किती जणांची?”

“दोघांची. पहिल्या कामात दोघं, नंतरच्या सहा कामांत एकच. ओळख पुसलेली आहे.”

सभागृहात चुळबुळ झाली. अंबुवाहचे वकील रणदिवे उठले. “ओळख पुसलेली आहे, हेच महत्त्वाचं. ते दोघं कोण, कुठले, याचा काही पुरावा नाही.”

“आहे,” त्रिशला उभी राहून म्हणाली. “ती मी आहे.”

वर्कशॉपमधली मूळ चित्रं पडद्यावर लागली. खड्डा, शिडी, भिंतीतून विचित्र जागी बाहेर आलेला तो नळ. मग पहिला प्रयोग आला. आवाज चढत गेला, चित्र थरथरायला लागलं. शिडीवरून उतरणारे, हातवारे करत ओरडणारे दस्तगीरचाचा दिसले. मग कठडा तुटला. ते कोसळले तेव्हा साक्षीदारांच्या बाकावर बसलेल्या खऱ्या चाचांनी मान खाली घातली.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “श्रीमती मगदूम, हे मंडळापुढे आणल्याने तुमच्यावर काय कारवाई होऊ शकते, हे तुम्हाला समजावलं गेलंय?”

“हो. होऊ दे.”

रणदिवे हुशार होते. त्यांनी पवित्रा बदलला. “ठीक आहे, आपण यंत्र बाजूला ठेवू. तरी प्रश्न उरतोच, की ही गोष्ट माणसाला सुचण्याजोगी होती का? वितळणारा धातू बाजारात मिळतो. हादऱ्याच्या वेगाचं शास्त्र पुस्तकात आहे. आणि ते घरोघरच्या वॉशिंग मशीनमध्ये रोज दिसतं. यात नवीन ते काय?”

“तुमच्या घरी वॉशिंग मशीन आहे ना, साहेब?” त्रिशलाने विचारलं.

“आहे की.”

“किती वर्षं?”

“असेल वीस वर्षं.”

“मग पंप का नाही जोडलात?”

मागच्या बाकांवरून हसू आलं. अध्यक्षांनी हात वर करून ते थांबवलं, पण त्यांनाही ओठ मिटून घ्यावे लागले. रणदिवेंनी दस्तगीर शिकलगार यांना पुढे बोलावलं.

“किती वर्षं फिटर आहात?”

“बेचाळीस.”

“ही पद्धत अवघड आहे की सोपी?”

“सोपी हाय.”

“कुठल्याही चांगल्या फिटरला सुचली असती?”

चाचांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पडद्याकडे बघितलं. तिथे चित्र थांबवलेलं होतं, त्यांचा स्वतःचा ओरडणारा चेहरा.

“मी विचारू का त्यांना?” त्रिशला म्हणाली. अध्यक्षांनी मान हलवली.

“चाचा, तुम्ही खाली कशाला उतरला होता?”

“तुला थांबवायला.”

“का?”

“सैल बेअरिंगवर यंत्र चालवत नाहीत. पयला धडा हाय तो.”

“तुम्हाला कुणी शिकवला?”

“माझ्या उस्तादांनी. मी तुला शिकवला, अन् आणखी दोनशे पोरांना.”

“त्यातल्या कुणी चालवलं?”

“मी चालवू दिलं नसतं.”

“आणि तुम्हाला स्वतःला कधी...” चाचांच्या अंगणात गिळलेला तो प्रश्न इथे, इतक्या लोकांसमोर, तिला विचारवेना.

चाचांनीच अध्यक्षांकडे तोंड फिरवलं.

“बाईसाहेब, आता बघितल्यावर सोपं वाटतंय. बघायच्या आधी मी हिला वेडी म्हणालो होतो. तो आवाज ऐकलात न्हवं तुम्ही, तो माझाच.” त्यांनी उजव्या हाताने डावा खांदा चाचपला. “बेचाळीस वर्षं त्या दांड्याला मी मध्यावर ओढत बसलो. त्याला एकदा सोडून बघावं, हे एक दिवस मनात आलं नाही. मग हिला आलं, अन् मला ते बरं वाटलं नाही. म्हणून कुणालाबी सुचलं असतं म्हणत फिरलो. तुम्हाला तो सर्वसाधारण कुशल माणूस पायजे न्हवं? तुमचा तो डबा न्हवं तो. मी हाय. मला नाही सुचलं.”

रणदिवेंनी आपले कागद गोळा केले.

बाहेर पायऱ्यांवर त्रिशलाने चाचांना गाठलं. “अर्जात तुमचं नाव घालू. अजून घालता येतं.”

“नको.”

“पण...”

“मी नको म्हणालो होतो, तेवढंच लिही,” चाचा म्हणाले. “जे झालं ते तसंच राहू दे. अन् आता चल, मला भूक लागलीय.”

निकाल तीन आठवड्यांनी आला. नकार रद्द झाला. अर्जदाराचंच काम शिकून, त्याच अर्जदाराविरुद्ध दिलेलं मत ग्राह्य धरता येणार नाही, असं मंडळाने म्हटलं होतं. पुढे आणखी एक परिच्छेद होता: ज्या कामातले जाणकार एखादी गोष्ट करू नका म्हणून शिकवत आले, ती गोष्ट धाडसाने करून दाखवणं सहज सुचण्याजोगं मानता येत नाही. कुशलच्या मतावर दिलेले चार वर्षांतले सगळे नकार पुन्हा तपासायचा आदेश होता. पेटंट त्रिशला मगदूम हिच्या नावे मंजूर झालं. निकालाची एक प्रत सुरक्षा खात्याला पाठवलेली होती.

तिने त्याच दिवशी वसाहतीतल्या लहान वर्कशॉपना कळवलं, की पद्धत वापरायची असेल त्यांनी वापरा, फक्त येऊन शिकून जा. अंबुवाहने वापरायची असेल तर आधी लेखी विचारायचं.

मग सुरक्षा खात्याचे निरीक्षक गव्हाणे आले. सहा महिन्यांसाठी सील. त्रिशलाच्या चौदा माणसांना तिने तोवर शेजारच्या चार वर्कशॉपमध्ये लावून दिलं होतं. दस्तगीरचाचाही आले होते. प्रशिक्षण केंद्राने त्यांना नारळ दिला होता. ते शेडबाहेर खुर्चीवर बसून सगळं बघत होते.

गव्हाणेंनी शटरला सील लावलं आणि पांढऱ्या फळ्यावर काळ्या शाईने नोटीस लिहायला घेतली: ‘सुरक्षा नियमांचा भंग केल्याने...’

“कुठल्या नियमाचा?” त्रिशलाने विचारलं.

“एवढं लिहायची पद्धत नसते, मॅडम.”

“काय केलं म्हणून सील लागलं, हे लोकांना कळायला नको? कारण लिहायलाच पाहिजे असं तुमच्याच कायद्यात आहे. कलम वाचून दाखवू?”

गव्हाणेंनी सुस्कारा टाकला. “बोला.”

“लिहा. अकरा मीटरच्या पंपाचा दांडा, बेअरिंग न आवळता, वितळलेल्या धातूत तरंगत ठेवून...”

“हळू सांगा.”

“...हादऱ्याच्या वेगापर्यंत नेला, आणि त्या वेगावर रेंगाळला, त्यामुळे अपघात झाला.”

“रेंगाळला हे कशाला?”

“तोच गुन्हा आहे माझा. न रेंगाळता गेला असता तर काही झालं नसतं.”

गव्हाणेंनी ते लिहिलं. फळा अपुरा पडला, शेवटची ओळ बारीक झाली.

“मोठ्या अक्षरात काढा, साहेब,” चाचा खुर्चीवरून म्हणाले. “वसाहतीत चष्मेवाले लई हायत.”

दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला. आसपासच्या शेडमधली माणसं डबे घेऊन बाहेर आली, आणि फळ्यासमोर घोळका जमला. कुणी मोठ्याने वाचत होतं, कुणी फोटो काढत होतं. गव्हाणेंची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. घोळक्यातली एक फिटर, हातावर ग्रीस, पुढे होऊन त्रिशलापाशी आली.

“ताई, न रेंगाळता म्हणजे किती सेकंदांत?”

“अकरा मीटरला चार,” त्रिशला म्हणाली. “जरा मागे सरका, सगळ्यांना दिसू दे. हां. आता पहिल्यापासून सांगते.”